विश्लेषण : नाणी, जनुके आणि श्लोक... गट पाडण्याचे कोडे डी. डी. कोसंबी यांनी कसे हाताळले?

ढीगभर वस्तू समोर आहेत, पण कोणती वस्तू कोणाबरोबर जाते हे कुठेही लिहिलेले नाही. अशा वेळी गट पाडायचे कसे? आज हे काम संगणकावर ‘जनुकीय अल्गोरिदम’ करतात. ही पद्धत निसर्गातील ज्या अदलाबदलीची नक्कल करते, तिचे एक महत्त्वाचे सूत्र आठ दशकांपूर्वी पुण्यातील एका गणिताच्या प्राध्यापकाने मांडले होते. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

पेणच्या टेम्पोत कोणते कोडे दडले आहे?

गणेशोत्सवाच्या आधी पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातील कारखान्यांमधून मूर्ती मुंबई-पुण्याकडे निघतात. कोणती दीड फुटी, कोणती चार फुटी. एकीवर दुसरी ठेवता येत नाही. एकाच गावाच्या मूर्ती शक्यतो एकाच गाडीत हव्यात. शिवाय टेम्पो कमीत कमी लागले पाहिजेत. मुरलेला कारखानदार हे नजरेने जमवतो. संगणकाला मात्र घाम फुटतो.

कारण आकडेमोडीत आहे. पाच मूर्तींचे गट पाडण्याचे ५२ प्रकार होतात. दहा मूर्ती असतील तर १,१५,९७५. वीस मूर्ती झाल्या की हा आकडा ५१ लाख कोटींच्या पुढे जातो. सेकंदाला एक कोटी मांडण्या तपासल्या तरी सगळ्या संपायला सुमारे दोन महिने लागतील. मूर्ती २५ केल्या, तर त्याच वेगाने १४ हजारांहून अधिक वर्षे.

म्हणजे सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम गट निवडणे शक्यच नाही. ग्राहकांचे गट, शाळेचे वर्ग, कारखान्यातील यंत्रांची मांडणी, रुग्णांच्या चाचण्यांचे निकाल, सगळीकडे हीच अडचण येते. यातून वाट काढण्याच्या ज्या युक्त्या निघाल्या, त्यांतील एक थेट सजीवांच्या पुनरुत्पादनाकडून उसनी घेतलेली आहे. ती समजून घ्यायची तर कोसंबी यांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

कोसंबी कोण होते?

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते अमेरिकेत गेले, तेव्हा १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर होता. शालेय शिक्षणाचा मोठा भाग तिकडेच झाला. पुढे हार्वर्डमधून १९२९ मध्ये त्यांनी सर्वोच्च श्रेणीत पदवी घेतली.

त्याच वर्षी ते भारतात परतले. आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलिगढ, आणि त्यानंतर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. फर्ग्युसनमध्ये त्यांनी सुमारे बारा वर्षे गणित शिकवले. त्यांचा मूळ विषय भूमिती. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पुरस्कार मिळाला.

याच काळात ते संख्याशास्त्राकडे वळले. हा विषय त्यांनी कोणाकडे जाऊन शिकला नाही; स्वतःच प्रश्न निवडले आणि सोडवत गेले. पुस्तकातील तयार उदाहरणांवर त्यांचे समाधान होत नसे. हातात धरता येईल, तराजूत टाकता येईल अशी सामग्री त्यांना हवी होती. ती त्यांना जुन्या नाण्यांत सापडली.

नाण्यांचे गट वजनावरून कसे पडले?

भारतातील सर्वांत जुनी नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी. चांदीच्या तुकड्यावर छाप ठोकून ती तयार करत. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. दर्शनी बाजूला साधारण पाच चिन्हे, मागच्या बाजूला काही बारीक ठसे. तक्षशिलेच्या उत्खननात अशा नाण्यांचे साठे मिळाले होते. पण कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे सांगणार कोण?

कोसंबी यांनी एक साधी गोष्ट पकडली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एका व्यवहारात होणारी झीज नगण्य असते, पण वर्षानुवर्षांची झीज मोजता येते. एकाच वेळी पाडलेली नाणी सुरुवातीला जवळपास सारख्या वजनाची असतात. काळ जातो तसे त्यांचे सरासरी वजन घटते आणि नाण्या-नाण्यांमधला फरक वाढत जातो.

ही कल्पना खरी आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी आधी स्वतःच्या काळातील चलनी नाणी तोलली. ती हजारोंच्या संख्येने तोलली. या नाण्यांवर साल छापलेले असल्यामुळे उत्तर पडताळता येत होते. पद्धत चालते याची खात्री पटल्यावरच त्यांनी जुन्या नाण्यांना हात घातला. सारखी चिन्हे असलेल्या नाण्यांचे गट केले, प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढले आणि त्यावरून गटांचा क्रम लावला. मागच्या बाजूचे ठसे जितके जास्त तितके वजन कमी, हेही आकड्यांतून दिसले. १९४० पासून त्यांचे या विषयावरील लेख प्रसिद्ध होऊ लागले.

आज संगणकशास्त्रात ज्याला ‘क्लस्टरिंग’ म्हणतात, त्याचे सगळे टप्पे इथे दिसतात. आधी मोजमाप ठरवायचे. मग जवळ कोण आणि दूर कोण ते पाहायचे. त्यावरून गट करायचे. आणि हे सगळे, उत्तर आधीच माहीत असलेल्या सामग्रीवर तपासून घ्यायचे. हा शेवटचा टप्पा आजही अनेक जण गाळतात.

१९४३ मध्ये त्यांनी आणखी एक लेख लिहिला. भरमसाट मोजमापांमागे दडलेल्या मोजक्या मुख्य दिशा कशा शोधायच्या, हा त्याचा विषय होता. गट पाडण्याआधी माहितीचा पसारा आवरण्यासाठी ही पद्धत आज सर्रास वापरतात. मात्र ती ओळखली जाते ती काऱ्हुनेन आणि लोएव्ह या दोन युरोपीय गणितज्ञांच्या नावाने. कोसंबी यांचा लेख त्यांच्या आधीचा होता.

जनुकांमधले अंतर मोजण्याची गरज काय?

१९४४ च्या सुमारास लंडनच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात कोसंबी यांचा अवघ्या चार पानांचा लेख आला. विषय होता जनुकांमधील अंतर.

आई-वडिलांकडून मिळालेली गुणसूत्रे पुढच्या पिढीकडे जशीच्या तशी जात नाहीत. बीजपेशी तयार होताना जोडीतील दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात आणि आपापले तुकडे अदलाबदल करतात. यालाच क्रॉसओव्हर म्हणतात. एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेली दोन जनुके या अदलाबदलीत सहसा सुटी होत नाहीत. लांब असलेली सहज सुटी होतात. म्हणजे दोन गुण किती वेळा वेगळे झाले ते मोजले, की जनुकांमधले अंतर कळते. याच आधारावर अमेरिकेत १९१३ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा तयार झाला होता.

पण यात एक खोच होती. दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर ती पुन्हा मूळ जोडीत येतात. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते. त्यामुळे लांबची अंतरे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिले. प्रत्येक अदलाबदल स्वतंत्रपणे होते, असे त्यात गृहीत होते.

प्रत्यक्षात तसे घडत नाही. एका जागी अदलाबदल झाली की तिच्या अगदी शेजारी दुसरी होणे अवघड असते. जसजसे लांब जावे तसतसा हा अटकाव कमी होतो. कोसंबी यांनी हा बदलता अटकाव सूत्रात बसवला.

फरक किती पडतो? दोन गुण १०० पैकी २० वेळा वेगळे झाले, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येते, कोसंबी यांच्या सूत्राने २१.२. हेच प्रमाण ३० वर गेले, तर आकडे अनुक्रमे ४५.८ आणि ३४.७ येतात. जवळच्या अंतरांवर दोन्ही सूत्रे जवळपास सारखेच उत्तर देतात. सेंटिमॉर्गन हे जनुकीय अंतराचे एकक आहे.

अंतर कळले की गट आपोआप दिसू लागतात. जी जनुके एकत्र वारशाने जातात, ती एका गटातली, म्हणजे एका गुणसूत्रावरची. भाताला गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात; म्हणून भाताच्या पूर्ण नकाशात असे १२ गट मिळतात.

संगणकाने ही युक्ती कशी उचलली?

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी जनुकीय अल्गोरिदमची मांडणी करणारे पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. कोसंबी यांचे निधन त्याआधी नऊ वर्षे झाले होते. त्यांचा या शोधाशी थेट संबंध नाही. पण हॉलंड यांनी संगणकात आणलेली मुख्य क्रिया क्रॉसओव्हर हीच होती.

पद्धत अशी : उत्तरे एकदम शोधायची नाहीत, ती पैदा करायची. मूर्तींच्या काही मांडण्या आधी अंदाजाने तयार करायच्या. ज्या मांडणीत टेम्पो कमी लागतात, ती चांगली. चांगल्या मांडण्यांच्या जोड्या लावायच्या, त्यांचे तुकडे अदलाबदल करून नवी मांडणी तयार करायची. अधूनमधून एखादा किरकोळ बदल मुद्दाम करायचा. वाईट मांडण्या टाकून द्यायच्या. अशा शेकडो पिढ्या झाल्या की बऱ्यापैकी चांगले उत्तर हाती येते. ते सर्वोत्तमच असेल याची हमी नसते.

गट पाडण्याच्या प्रश्नात मात्र ही पद्धत सुरुवातीला अडखळली. सहा मूर्ती आणि अ, ब, क हे तीन टेम्पो घेऊ. पहिली मांडणी : अ अ ब ब क क. दुसरी मांडणी : ब ब क क अ अ. नीट पाहिले तर दोन्ही एकच आहेत. पहिली-दुसरी मूर्ती एकत्र, तिसरी-चौथी एकत्र, पाचवी-सहावी एकत्र. फक्त टेम्पोंची नावे बदलली आहेत.

आता पहिलीचा पुढचा अर्धा भाग आणि दुसरीचा मागचा अर्धा भाग जोडा. मिळते : अ अ ब क अ अ. एका टेम्पोत चार मूर्ती, उरलेल्या दोघांत एकेक. आई-वडील अगदी सारखे, पण मूल कोणावरच गेले नाही. जे एकत्र राहायला हवे होते तेच तुटले.

यावर १९९० च्या दशकात ब्रसेल्समध्ये काम करणारे इमॅन्युएल फाल्कनॉयर यांनी उपाय सुचवला. वारसा एकेका वस्तूचा देऊ नये, अख्ख्या गटाचा द्यावा. म्हणजे एका मांडणीतील चांगले भरलेले टेम्पो जसेच्या तसे उचलायचे आणि दुसऱ्या मांडणीत घालायचे. त्यामुळे ज्या मूर्ती दोनदा येतात, त्यांचे जुने टेम्पो रिकामे करायचे. सुट्या पडलेल्या मूर्ती पुन्हा जागा बघून बसवायच्या.

अदलाबदलीत काय टिकते आणि काय तुटते, हा इथला कळीचा प्रश्न. कोसंबी यांचे चार पानांचे सूत्र निसर्गातील याच प्रश्नाचे उत्तर शोधत होते.

श्लोकांचे गट कशासाठी?

जनुकांवरील लेख आला त्याच दशकात कोसंबी भर्तृहरीच्या श्लोकांत बुडाले होते. नीती, शृंगार आणि वैराग्य ही भर्तृहरीची तीन शतके वामन पंडितांच्या रूपांतरामुळे मराठी घरांतही पोहोचलेली. पण मूळ संस्कृत प्रती एकमेकींशी जुळत नव्हत्या. कुठे श्लोक जास्त, कुठे कमी, कुठे वेगळेच.

कोसंबी यांनी ३७७ हस्तलिखिते विचारात घेतली. जवळपास सर्व परंपरांत आढळणारे २०० श्लोक त्यांनी पहिल्या गटात ठेवले. काही परंपरांतच येणारे श्लोक दुसऱ्या गटात, तर तुरळक आढळणारे तिसऱ्या गटात. ही चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली.

इथेही अडचण अदलाबदलीचीच. लेखनिकाने दोन प्रती समोर ठेवून तिसरी लिहिली, की दोन घराण्यांचे श्लोक एकमेकांत मिसळतात. कोणते श्लोक कायम बरोबर प्रवास करतात, हे पाहूनच घराणी वेगळी करता येतात.

टाटा संस्थेत काय घडले?

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये दाखल झाले. राहणे पुण्यात आणि नोकरी मुंबईत. डेक्कन क्वीनचा प्रवास नित्याचा झाला. युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर १९४८-४९ मध्ये ते इंग्लंड-अमेरिकेत जाऊन आले. विषय होता गणनयंत्रे, म्हणजे आजच्या संगणकांचे पूर्वज. भारतात तेव्हा असे यंत्र नव्हते.

परतल्यावर त्यांचा ओढा इतिहासाकडे वाढत गेला. १९५६ मध्ये आलेल्या त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकाने राजांच्या वंशावळ्यांऐवजी शेती, अवजारे आणि व्यापार यांना मध्यभागी आणले. कार्ले-भाजे यांसारखी लेणी ओसाड डोंगरात का, याचे उत्तर त्यांनी पायी फिरून शोधले. देशावरून घाट उतरून कल्याण, चौल यांसारख्या बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांशी त्यांनी ही लेणी जोडली. आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल त्या काळी मोठे बंदर होते.

संस्थेत मात्र तणाव वाढत होता. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेवर भर द्यावा, असे कोसंबी जाहीरपणे म्हणत. आणि संस्थेचे प्रमुख भाभा हे अणुकार्यक्रमाचे शिल्पकार होते. त्यातच १९५९ मध्ये कोसंबी यांनी गणितातील अत्यंत अवघड अशा रीमान गृहीतकाची सिद्धता आपल्याला सापडल्याचा दावा केला. लेख कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला. सिद्धता टिकली नाही. गणितज्ञ म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्याशी असलेला करार पुढे वाढवला नाही.

शेवटची वर्षे पुण्यात गेली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९६४ मध्ये त्यांना मानद शास्त्रज्ञपद दिले. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील घरी त्यांचे निधन झाले. वय होते ५८. टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ २००८ मध्ये तिकीट काढले.

त्यांच्या पद्धतीला मर्यादा होत्या का?

होत्या. नाण्यांच्या वजनावरून त्यांनी लावलेला कालक्रम पुढच्या नाणेतज्ज्ञांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. सगळी नाणी सारख्या गतीने फिरतात आणि सुरुवातीला एकाच वजनाची असतात, हे गृहीतक प्रत्येक साठ्याला लागू पडेलच असे नाही. जनुकांचे सूत्रही काही सजीवांमध्ये चांगले बसते, काहींमध्ये हाल्डेन यांचे सूत्र बरे ठरते.

हीच गोष्ट आजच्या अल्गोरिदमची. संगणक सांगेल तितके गट पाडून देतो. मग सामग्रीत खरोखर गट असोत वा नसोत. जवळ म्हणजे काय आणि दूर म्हणजे काय, हे माणसानेच ठरवलेले असते. ते चुकले तर शेकडो पिढ्यांनंतरही उत्तर चुकीचेच येते. जुन्या नाण्यांआधी चालू नाणी तोलण्याची कोसंबी यांची शिस्त म्हणूनच महत्त्वाची. कर्ज कोणाला द्यायचे, विम्याचा हप्ता किती लावायचा, हेही जेव्हा अशा गटांवरून ठरू लागते, तेव्हा ती शिस्त पाळली गेली की नाही, याचा परिणाम थेट माणसांवर होतो.

आज हे सूत्र कुठे वापरतात?

पेण तालुक्यातील खारेपाटात त्याचे कारण सापडते. धरमतरच्या खाडीचे पाणी बांध फोडून आत शिरले की भातशेती खारवते आणि पुढची काही पिके हातची जातात. अशा जमिनींसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल’ नावाच्या भाताच्या जाती दिल्या आहेत. भात मीठ कसे सोसतो, याचा शोध जगभर सुरू आहे. केरळच्या पोक्काली या भातातील असा एक महत्त्वाचा भाग पहिल्या गुणसूत्रावर सापडला असून तो ‘सॉल्टॉल’ या नावाने ओळखला जातो.

असा भाग शोधायचा तर शेकडो जनुकीय खुणांचे आधी गट पाडावे लागतात आणि मग प्रत्येक गटात त्यांचा क्रम लावावा लागतो. दहाच खुणा असल्या तरी त्यांचे १८,१४,४०० क्रम होऊ शकतात. म्हणून या कामासाठी तयार केलेल्या काही संगणक प्रणालींत जनुकीय अल्गोरिदमचाही वापर केला आहे. म्हणजे जनुकांकडून उसनी घेतलेली युक्ती पुन्हा जनुकांच्याच कामी आली.

नकाशा काढण्याआधी अशा बहुतेक प्रणाली वापरणाऱ्याला एक पर्याय निवडायला सांगतात : अंतर हाल्डेन यांच्या सूत्राने मोजायचे की कोसंबी यांच्या? जगभरातील पीक संशोधक त्या यादीत ‘कोसंबी’वर बोट ठेवतात. त्यांतील अनेकांना हे नाव गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात नाणी तोलत बसलेल्या एका प्राध्यापकाचे आहे, याची कल्पनाही नसेल.